ढब्बूवर पाय

अमरावतीच्या मे महिन्यात बसून पेंग्विन काढणारी बाई एक तर वेडी असते, नाही तर तिला दुसरं काम मिळालेलं नसतं. मोनाली काळमेघच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. साल दोन हजार चोवीस, बाहेर पंचेचाळीस अंश, नळाला दिवसाआड पाणी म्हणून कूलर कोरडा, आणि चोवीस वर्षांची मोनाली राजापेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून बर्फावरचा शत्रू तयार करत होती.

शत्रू म्हणजे खेळातला. ‘टणाटण’ नावाचा व्हिडिओ गेम होता. झिपरी नावाची खार एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत जाते आणि वाटेत नाना तऱ्हेचे प्राणी तिला आडवे येतात, एवढीच त्याची कथा. त्यातल्या बर्फाच्या मुलखासाठी मोनालीनं जो प्राणी काढला, तो धड पेंग्विनही नव्हता. खरा पेंग्विन तिनं जन्मात पाहिला नव्हता. पाठ काळी, पोट पांढरं, चोच वांग्याच्या देठासारखी आणि दोन्ही हात अंगापासून लांब, ताठ धरलेले. डुलत डुलत चालताना तो मध्येच थबकायचा, मान डावीकडे टाकायचा, पाऊण सेकंद तसाच उभा राहायचा आणि मग पोटावर आडवा होऊन घसरत अंगावर यायचा. त्याचं नाव ठेवलं ढब्बू.

ही चाल कुठून आली, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती तिच्या आईची चाल होती. रत्नमालाबाई नळावरून दोन हातांत दोन भरल्या बादल्या घेऊन अंगणातून यायच्या, तेव्हा त्यांचे हात असेच ताठ असायचे. तोंडावर केस आले की हात मोकळे नसल्यामुळे त्या थांबायच्या, मान डावीकडे टाकून केस मागे सारायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या. त्या वर्षी मायलेकींचं बोलणं बंद होतं. मोनालीनं बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडून हे काम धरलं, तेव्हा आई एकदाच बोलली होती, “पाखरं काढून पोट भरते काय कोणाचं?” त्या रागात मोनालीनं आईला शत्रू केलं आणि लोकांच्या पायाखाली सोडून दिलं. चोवीस वर्षांच्या पोरीला असला सूड फार गोड लागतो. पुढे तो घशात अडकतो, पण तोवर खेळ बाजारात गेलेला असतो.

आणि हा खेळ असा काही चालला की ढब्बू त्यातून सुटेचना. दुसऱ्या भागात त्याला छत्री मिळाली. तिसऱ्यात ढब्बूंची अख्खी वरात आली, पाचव्यात एक म्हातारा ढब्बू काठी टेकत आला. चौथ्या भागाच्या वेळी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की मान टाकून थांबायचा तो पाऊण सेकंद कमी करू. खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की पंधरा दिवसांत जुनी चाल परत आणावी लागली. लोकांचे अंगठे त्या पाऊण सेकंदाला सरावले होते. बावीस वर्षं, सात भाग, आणि ते पंधरा दिवस सोडले तर ढब्बूची चाल तसूभरही हलली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मायलेकींचं बोलणं यथावकाश सुरू झालं. जेवलीस का, औषध घेतलं का, एवढं. कामाविषयी आईनं चकार शब्द काढला नाही, चांगला नाही की वाईट नाही. मोनालीनं लग्न केलं नाही, साईनगरात आईबाबांच्या घरापासून स्कूटीनं दहा मिनिटांवर फ्लॅट घेतला, ऑफिस दोन खोल्यांचं चार मजल्यांचं झालं, तरी नाही. बाबांचं मात्र उलट होतं. वासुदेवराव पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. (होय, आणि घरी बायको बादल्या वाहत होती. मोनालीनं हे त्यांना पुष्कळदा ऐकवलं होतं.) पहिला भाग निघाला तेव्हा मोनालीनं घरच्या टीव्हीला खेळ जोडून दिला आणि खातं वडिलांच्या नावानं उघडलं. विजेचं बिल त्यांच्या नावे, गॅस त्यांच्या नावे, मग हेही त्यांच्याच नावे, तिनं क्षणभरही विचार केला नाही. तेव्हापासून दर भागाला बाबांचा फोन यायचा. “छत्रीवाला ढब्बू चांगला जमला बरं, पण त्याची सावली उलट्या अंगाला पडून राहिली.” मोनाली तपासायची, तर खरंच सावली उलटी. आपल्या बापासारखा पारखी अख्ख्या ऑफिसात नाही, असं ती अभिमानानं सांगायची.

दोन हजार सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत नागपूरहून डॉ. निलोफर काझी आल्या. त्या मेंदूच्या डॉक्टर. ऑफिसचे मालक श्रीरंग भुयार यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि बाईंनी खुर्चीत बसूनच बोलायला सुरुवात केली.

“कंपवात म्हणजे पार्किन्सन. मेंदूच्या तळाशी एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. आपण हात उचलायचा म्हटला की तो हवा तेवढाच आणि हवा तेव्हाच उचलला जातो, तो या रसायनामुळे. कंपवातात या पेशी एकेक करून मरतात. हात थरथरताना दिसतो, तोवर निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी एक इंजेक्शन निघालं. उरलेल्या पेशी ते सांभाळतं, गेलेल्या परत आणत नाही. म्हणून आजार थरथर सुरू व्हायच्या आधी सापडला, तर माणूस पुढची वीस वर्षं स्वतःच्या हातानं जेवतो. नंतर सापडला तर आमच्या हातात फारसं काही नसतं.”

“आणि आधी सापडणार कसा?” श्रीरंगभाऊंनी विचारलं.

“अंगठ्यावरून. तुम्ही एक बटण दाबता, धरून ठेवता, सोडता. निरोगी अंगठा दर वेळी जवळपास तेवढाच वेळ धरतो. आजार सुरू झाला की कधी थोडा आधी सुटतो, कधी थोडा उशिरा. फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचा, त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही. अडचण अशी की प्रत्येकाचा अंगठा निराळा. तुलना करायची तर त्याच माणसाचं, त्याच हालचालीचं, दहा-वीस वर्षांपूर्वीचं माप हवं. असं माप जगात कोण ठेवतं? आम्ही दोन वर्षं शोधत होतो. मग माझ्या भाचीला खेळताना पाहिलं.”

माप ढब्बूनं ठेवलं होतं. तो पाऊण सेकंद थांबतो आणि घसरतो, तेव्हा खेळणाऱ्याला उडी मारावी लागते. बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर झिपरी ढब्बूच्या डोक्यावर पडते, ढब्बू चपटा होतो आणि दहा गुण मिळतात. तेच बटण सेकंदाचा तिसरा हिस्सा नेमकं धरून ठेवलं, तर ती त्याला पार ओलांडून जाते. त्याचे गुण मात्र काही नाहीत. प्रत्येक उडीची नोंद खेळ पहिल्या दिवसापासून ठेवत आला होता. ढब्बू बदलला नाही, म्हणजे नोंदीत जे बदललं ते माणसात बदललं.

मोनाली खाली मान घालून ऐकत होती. रागाच्या भरात काढलेलं पाखरू आता लोकांचे मेंदू मोजणार होतं, आणि यावर हसावं की रडावं हे तिला कळेना.

जुन्या खेळाडूंपैकी सहा हजार जणांनी नोंदी तपासायला संमती दिली. ऑफिसातल्यांच्या घरच्यांनाही विचारलं. वासुदेवरावांच्या पुढ्यात मोनालीनं कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि विचारलं, “सही कराच लागते काय?”

“घाबरता कशाला बाबा? तुम्ही तर ठणठणीत.”

“तसं नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

एप्रिलमध्ये निकाल आले. सहा हजारांतून चौदा नावांवर खूण होती. निलोफर मॅडमनी मोनालीला फोन करून बाजूला जायला सांगितलं. ती जिन्यात गेली.

“तुमच्या वडिलांची नोंद माझ्याकडची सगळ्यात स्वच्छ नोंद आहे,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं, चार लाखांहून जास्त ढब्बू, आणि ते ढब्बूला मारतच नाहीत. दर वेळी ओलांडतात. दर वेळी बटण धरावं लागतं, म्हणून माप इतकं चांगलं मिळालं. वीस वर्षं अंगठा घड्याळासारखा चालला आहे. एकोणीस महिन्यांपूर्वीपासून तो चुकायला लागला. माझ्या मनात शंका नाही, मोनाली. पण लवकर सापडलंय.”

रविवारी सकाळी तिनं घरी जाऊन सांगितलं. आई पोहे वाढत होती. तिची पळी हवेत राहिली.

“याईले काय होते?” आई म्हणाली. “रोज सक्काळी चार किलोमीटर फिरते हा माणूस. तुह्या पाखराले डॉक्टरकी कधीपासून समजाले लागली?”

वासुदेवरावांनी एकदा बायकोच्या हाताकडे पाहिलं, मग ताटातले पोहे चमच्यानं इकडचे तिकडे करत बसले. माणूस हबकला, असं मोनालीला वाटलं. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

नागपूरला मेंदूची चित्रं काढली. अर्धा दिवस गेला. निलोफर मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र झाला होता, आनंद आणि वैताग एकाच वेळी.

“काका, तुम्हाला काहीही नाही. तो पट्टा एखाद्या पन्नाशीतल्या माणसासारखा आहे.”

कुठलाही माणूस या वाक्यावर निदान हुश्श तरी करेल. वासुदेवराव पुढे सरकले. “नीट पाह्यलं ना मॅडम? पुन्हा एक डाव काढा चित्र. मशीन चुकलं असंन.”

“दोन्ही बाजूंनी दोनदा पाहिलं, काका. चूक असेल तर आमच्या तपासणीत असेल.” मग त्या मोनालीला म्हणाल्या, “इतक्या स्वच्छ नोंदीवरून मी चुकत असेन, तर बाकीच्या तेरा जणांना कोणत्या तोंडानं बोलावू? धडधाकट माणसांना घाबरवून सोडायचं? हे उलगडेपर्यंत मला सगळं थांबवावं लागेल.”

परतताना तळेगावला चहा घ्यायला थांबले. वासुदेवरावांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.

“माह्यातच निघालं असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

“काहीतरी काय बोलता बाबा. पेढे वाटायचे सोडून.”

त्यांनी बशी तोंडाला लावली. मोनालीला राग आला, आणि तो राग घरापर्यंत उतरला नाही.

सोमवारी तिनं निलोफर मॅडमकडून बाबांची पूर्ण नोंद मागवून घेतली. चूक ढब्बूत असेल तर ती आपली, आणि आपली असेल तर आपणच शोधायची, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षांचे दिवस पडद्यावर ओळीनं मांडले. खेळला त्या दिवसाचा चौकोन निळा, नाही खेळला त्याचा पांढरा. जवळपास सगळं निळं. कधीमधी पांढरा ठिपका. पण दर वर्षी एका जागी, ऑगस्टच्या शेवटी नाही तर सप्टेंबरात, तीन चौकोन सलग पांढरे. त्यांच्या तारखा दर वर्षी पुढेमागे होत होत्या, पण तीन म्हणजे तीन, एकही वर्ष चुकलं नव्हतं.

सरकत्या तारखांचे हे तीन दिवस कुठले, ते कळायला वऱ्हाडातल्या माणसाला पंचांग लागत नाही. महालक्ष्म्या. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, जेवतात, उठतात, त्या तीन दिवसांत काळमेघांच्या घरी चाळीस पानं उठतात. आंबील, पुरण, सोळा भाज्या. त्या तीन दिवसांत वासुदेवरावांना काय काम असतं? आरतीला उभं राहणं आणि पाहुण्यांना पाट मांडणं. त्यांनी तर उलट जास्त खेळायला हवं होतं.

मोनालीनं खुर्ची पुढे ओढली. खेळायची वेळ पाहिली तर दुपारी दोन ते तीन, रोज. दोन हजार सव्वीसमधल्या एका मंगळवारीही दुपारी दोन, आणि तेव्हा बाबा नोकरीवर होते. दोन हजार अडतीसमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी. त्याच दिवशी दुपारी दोनशे चौदा ढब्बू ओलांडले होते. शेवटी तिनं चपटे झालेले ढब्बू मोजले. वीस वर्षांत एकही नाही. मागच्या एकोणीस महिन्यांत तेवीस.

घड्याळात पावणेदोन झाले होते. तिनं कुणाला न सांगता स्कूटी काढली.

घराच्या जरा अलीकडेच तिनं गाडी बंद केली. बाहेरच्या खोलीत वासुदेवराव दिवाणावर, तोंडावर पेपर घेऊन झोपलेले. मधल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. टीव्ही चालू होता, आवाज मात्र बंद. समोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पदर कमरेला खोचून, चष्मा नाकावर, हातात कंट्रोलर घेऊन रत्नमालाबाई बसल्या होत्या.

पडद्यावर तिसऱ्या भागातली ढब्बूंची वरात येत होती. पहिला ढब्बू थबकला, त्यानं मान डावीकडे टाकली. स्टुलावरच्या बाईचीही मान डावीकडे गेली. झिपरी त्याला ओलांडून पलीकडे. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला अंगठा जरा लवकर सुटला. झिपरी धप्पकन ढब्बूच्या डोक्यावर पडली, तो चपटा झाला आणि वर दहाचा आकडा चमकला. रत्नमालाबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“पडला पुन्हा पाय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“आई.”

एकोणसत्तर वर्षांच्या बाईनं कंट्रोलर पदराखाली लपवला. “तू कायले आली भरउन्हात? दार लोट वं, झळ येऊन राहिली.”

“किती वर्षांपासून खेळून राहिली तू?”

“मी कुठं? त्याईचंच सुरू राह्यलं होतं, बंद करत होती.”

“बाबा झोपले आहेत, आई.”

रत्नमालाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. आता सुटका नाही हे त्यांना कळलं. “तू लावून देलं ना पहिल्या वर्षी, तवापासून. म्हनलं पाहू तरी, बँक सोडून पोरगी करते काय.”

“मग मला एकदा सांगायचं तरी.”

“कोणत्या तोंडानं सांगू? आधी मीच बोलली होती, पाखरं काढून पोट भरते काय म्हनून.”

मोनाली खाली फरशीवरच बसली. “बाबा फोनवर सांगायचे ते... सावली उलटी पडते, वरात लांबली...”

“थे मीच सांगायची त्याईले. त्याईले काय समजते? पहिल्या फळीच्या वर गेला नाही तो माणूस आजवर.”

बावीस वर्षं आईच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला मोनाली झुरली होती, आणि तो तिला दर भागाला मिळत होता, फक्त बाबांच्या आवाजात. तिला रडू आलं. तिनं ते दाबलं, कारण अजून मोठं सांगायचं राहिलं होतं. पण आधी एक विचारायचं होतंच.

“तू त्यांना मारत का नाहीस? दहा गुण मिळतात.”

“घ्या. आपल्या लेकरानं काढलेल्या चित्रावर कोणी पाय देते काय?” रत्नमालाबाई म्हणाल्या. “अन् त्यातही ते माहं चित्र.”

मोनालीनं झटकन वर पाहिलं. “तुला माहीत आहे?”

“बादल्या मीच वाहत होती ना? मले माही चाल नाही समजणार? पहिल्याच दिवशी ओळखली.”

“राग नाही आला?”

“आला ना. दोन दिवस हात नाही लावला. मंग म्हनलं, रागानं काढलं असंन पोरीनं, पण काढलं तर बरोबर. इतकं बारीक पाह्यलं कधी इनं मले? मले वाटे तुहं लक्षच नसते माह्याकडे.” त्यांनी पडद्याकडे हात केला. “पण हल्ली पाय पडते. मुद्दाम नाही देत, बापा. मी धरून ठेवते अन् अंगठा आपला सुटते. आजचा धरून चोवीस.”

नोंदीत कालपर्यंत तेवीस होते. मोनालीनं आईचा उजवा हात हातात घेतला. कोमट, पाण्यानं खरखरीत झालेला हात. वरून पाहता त्यात काहीही नव्हतं.

“आई, ते बाबांचं नव्हतं. ती नोंद तुझी आहे.”

समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी हात सोडवून घेतला. “मले काही झालं नाही. स्वयंपाक करते, झाडते, पाणी भरते. मी नाही येत नागपूरले. म्हातारपणी एखादा अंगठा सुटला तं काय मोठं?”

हिला समजावून काही होणार नाही, हे मोनाली जन्मापासून ओळखून होती. ती स्वतःही तशीच होती. तिनं वाद घातला नाही. फोनवरून खेळात सावली चालू केली. तुमचाच जुना खेळ फिकट रंगात तुमच्याबरोबर धावतो, अशी सोय त्यात होती. तिनं पहिला भाग लावून सगळ्यात पहिलं साल निवडलं.

“एकदा खेळून दाखव.”

“हे फिक्कट कोण हाय?”

“तू. सत्तेचाळीस वर्षांची.”

रत्नमालाबाईंनी कंट्रोलर घेतला. एकामागून एक ढब्बू येऊ लागले. दोन खारी शेजारी शेजारी धावू लागल्या. फिकट खार दर ढब्बूवरून तेवढीच उंच उडाली, एका रेषेत, दोरी धरल्यासारखी. दुसरी एकदा तिच्या वर गेली, एकदा खाली आली, एकदा ढब्बूच्या डोक्याला घासून गेली. सातव्या ढब्बूनं मान टाकली, आणि फिकट खार पलीकडे गेली, आणि दुसरी त्याच्यावर पडली.

रत्नमालाबाईंनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला.

“लई चांगली खेळत होती ही,” त्या म्हणाल्या.

दारात वासुदेवराव उभे होते. कधीपासून, कोण जाणे. “नोंद हिची जाऊन राहिली, हे मले सहीच्या वेळीच समजलं होतं,” ते म्हणाले. “हिनं शप्पथ घातली होती, पोरीले सांगू नका. मंग म्हनलं, आपण जाऊन पाहू, देव करो अन् माह्यातच निघो. भलतंच केलं मी. पंधरा दिवस गेले.”

“आता कायले रडता?” रत्नमालाबाई उठल्या, टीव्ही बंद केला आणि खोचलेला पदर सोडला. “मोना, उद्या किती वाजता निघाचं?”

चित्रांत त्या पट्ट्यातल्या एकसष्ट टक्के पेशी शाबूत निघाल्या. इंजेक्शन चालेल, असं निलोफर मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी मेंदूचा विचार केला होता, अंगठ्याचा केला होता, पण आपल्याकडे घरातली सगळी खाती एका माणसाच्या नावावर असतात याचा केला नव्हता. उरलेल्या तेरा जणांना फोन गेले, तेव्हा पहिला प्रश्न होता, तुमच्या घरात हा खेळ कोण कोण खेळतं? तिघांच्या घरी खेळणारं माणूस दुसरंच निघालं. नातवाच्या नावावर खेळणारे एक आजोबाही त्यांत होते.

खात्यावरचं नाव बदलायचा अर्ज वासुदेवरावांनी स्वतः भरला. रत्नमाला काळमेघ, एवढंच लिहिलं. त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला.

“मधलं नाव टाका,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “बावीस वर्षं तुमच्याच नावानं खेळली, आता एकदम काढून नका टाकू.”

दर पंधरवड्याला नागपूर, आणि रोज दुपारी एक तास ढब्बू. इंजेक्शन लागू पडतंय की नाही, ते त्यावरूनच मोजायचं होतं, म्हणून एकही दिवस चुकवायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. आठव्या भागात ढब्बूची चाल नवी करावी, असं ऑफिसातल्या तरुण मंडळींचं म्हणणं पडलं. मोनालीनं सांगितलं की ती चाल माझ्या आईची आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते मोठ्यानं सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, दुपारी दोन वाजता काळमेघांच्या स्वयंपाकघरात वासुदेवराव घामाघूम होऊन पुरण घोटत होते आणि मोनाली सोळा भाज्यांपैकी चौदावी चिरत होती. बाहेर पाहुणे खोळंबले होते. मधल्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता, आता कोणी तो बंद ठेवत नसे.

“पुरण लागून राहिलं,” आतून हाक आली. “वास येते. मी येऊ काय?”

“तू खेळ,” दोघंही एकदम म्हणाले.

थोड्या वेळानं मोनाली हात पुसत दारात जाऊन उभी राहिली. आई आठव्या भागाची कच्ची प्रत खेळत होती. ढब्बूनं मान टाकली, आईनं मान टाकली, झिपरी पलीकडे गेली.

“या महिन्यात किती?” मोनालीनं विचारलं.

“दोन.”

मागच्या महिन्यातही दोनच होते. त्याच्या आधीही दोन; आकडा वाढत नव्हता. मोनाली चौकटीला टेकली. तिचे डोळे भरून आले आणि या वेळी तिनं रडू दाबलं नाही.

“त्यातला एक माह्या अंगठ्याचा,” रत्नमालाबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. “दुसरा तुहा. हा आठव्या भागातला बर्फ लईच निसरडा केला तू, मोना. ते नीट कर.”